टीममधल्या दोघांचं वाजलंय? हात मिळवायला लावण्याआधी हे टप्पे क्रमानं करा

कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपवर सुपरवायझर म्हणून मला १६ वर्षं झाली आणि दोघांचं वाजलं की मिटवायची एकच पद्धत मी सगळीकडं बघत आलोय. दोघांना एकाच वेळी केबिनमध्ये बोलवायचं, "लहान आहात का आता, चला हात मिळवा" म्हणायचं, चहा सांगायचा, आणि दोघं मान डोलवून बाहेर पडले की मिटलं असं समजायचं. मिटलेलं काहीच नसतं, फक्त आवाज बंद झालेला असतो. आणि माझं स्पष्ट मत आहे की टीमचं खरं नुकसान भांडणाच्या आवाजानं होत नाही, ते नंतरच्या अबोल्यानं होतं.

एक प्रसंग सांगतो, पुढच्या सगळ्या टप्प्यांत तो परत परत येईल. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथं रातपाळीचा सेटर (मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा) आणि सकाळचा ऑपरेटर दीड महिना एकमेकांशी बोलत नव्हते. एका पहाटे सेटरनं बोअरिंगचा इन्सर्ट (पीसमधलं भोक, म्हणजे बोअर, कापणाऱ्या टूलचं पातं) बदलला, ऑफसेट (टूल कुठपर्यंत जाईल ते मशीनमध्ये भरलेलं माप) बदलला आणि जाताना हेल्परला म्हणाला, "त्याला सांग, ऑफसेट हलवलाय, पहिला पीस मोजूनच पुढं जा." हेल्परनं सकाळी सांगितलं, "नवीन इन्सर्ट टाकलाय." एवढंच. ऑपरेटरला वाटलं नवीन इन्सर्ट आहे म्हणजे सगळं ठीकच असणार, त्यानं लॉट चालू केला आणि क्वालिटीवाला राउंडला येईपर्यंत ३८ हाउसिंगचे बोअर मोठे होऊन बसले. बोअर लहान राहिला तर परत मारता येतो, मोठा झाला की पीस भंगारात जातो. दोघांनी समोरासमोर उभं राहून एक वाक्य सरळ बोलायला लागले असते ३० सेकंद.

तेव्हा मीही केबिन, चहा, हात मिळवा हेच केलं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात दोघं परत जिथल्या तिथं. त्यानंतर जे शिकलो ते खाली क्रमानं लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांची चूक पद्धतीत कमी आणि क्रमात जास्त असते, शेवटचा टप्पा पहिला करून मोकळे होतात.

टप्पा १: त्याच दिवशी, त्याच तासात

आधी मशीन बंद. रागात असलेला माणूस फिरत्या चकजवळ, क्रेनखाली किंवा भट्टीपाशी नको, मग डिस्पॅचची कितीही घाई असू दे. दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी द्या, आणि त्या वेळी काहीही विचारू नका. "काय झालं, कुणी सुरू केलं" हे तिथंच सगळ्यांसमोर विचारलं की दोघांनाही आपली बाजू पंचासमोर मांडल्यासारखी मांडावी लागते आणि एकदा चारचौघात बोललेलं माणूस मागं घेत नाही.

त्या दिवशीचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवणं, तुम्ही स्वतः उभं राहून करून घ्या. चालू मशीन, अर्धा लॉट, बदललेलं टूल, होल्डवर ठेवलेले पीस, सगळं दोन्ही पाळ्यांच्या तोंडून तुम्ही ऐका आणि तुम्हीच लिहा. निरोप्या नको.

सावधान: दोघांपैकी एकालाच घरी पाठवू नका. पाठवला की शॉपवर निकाल लागला, "त्याचीच चूक होती म्हणून काढला" हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना कळतं आणि मग तुम्ही काहीही केलं तरी तो माणूस तुमच्यासमोर मोकळा होत नाही. पाठवायचंच असेल तर दोघांनाही.

आणि शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. "सर्वांनी शिस्तीत राहावे" असा मेसेज आला की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं आणि रात्री कंपनीच्या बसमध्ये तोच विषय असतो.

टप्पा २: हे भांडण तुमच्या हातातलं आहे का?

हा टप्पा लोक गाळतातच. प्रत्येक भांडण सुपरवायझरनं मिटवायचं नसतं, काही मिटवायला गेलात तर तुम्हीच चुकीचं करताय.

बाईमाणसाला त्रास दिल्याची, घाणेरडं बोलल्याची, अंगचटीला आल्याची तक्रार असेल तर तुम्ही मधे पडून "सॉरी म्हण आणि विषय संपव" करायचं नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार लेखी आणि घटनेपासून ३ महिन्यांच्या आत द्यायची असते, समितीला कारण पटलं तर अजून ३ महिने वाढवून मिळू शकतात. जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. समेट हवा असेल तर तो त्या बाईनं स्वतः मागितला तरच आणि समितीमार्फतच, आणि त्यात पैशाची तडजोड चालत नाही. तुमचं काम तिला हे नीट सांगणं आणि तक्रार दाबली जाणार नाही हे बघणं एवढंच आहे.

जातीवरून अपमान झाला असेल तर तोही "आपसातला विषय" नाही, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा त्यासाठीच आहे. मारामारीत कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, मग मॅनेजमेंटला लेखी. "वर कळवू नका साहेब, घरचंच आहे" असं दोघंही म्हणतात, तरी कळवा.

राहिलं ते म्हणजे कामाचं, पाळीचं, रजेचं, बोलण्याचं, टोमण्यांचं. हे तुमचं. आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर कंपनीत तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सारखेच प्रतिनिधी असतात, तुमच्या पातळीवर अडलं तर तिथं जाता येतं हे दोघांनाही माहीत असू द्या.

टप्पा ३: तोंड उघडायच्या आधी कागद काढा

किमान दोन महिन्यांचे. शिफ्ट रजिस्टर, रिजेक्शनची नोंद, रजेचा आणि ओव्हरटाइमचा तक्ता. निवांत बसून तीन गोष्टी बघा: दोघांतला हँडओव्हर कोणत्या तारखेपासून त्रोटक व्हायला लागला, त्या तारखेच्या आसपास कुणाच्या रजा होत्या, आणि त्या रजेचं काम कुणाच्या अंगावर पडलं.

आमच्या त्या प्रसंगात रजिस्टरमध्ये सप्टेंबरपर्यंत सेटरच्या अक्षरात चार-चार ओळी होत्या, "टूल नं. ३ घासत आलाय, शंभरनंतर बदल, कूलंट कमी" असं सगळं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फक्त "ओके". रोज "ओके". मग रजेचा तक्ता काढला तर ऑपरेटर त्याच आठवड्यापासून ८ दिवस रजेवर होता, त्याची तासगावकडं द्राक्षबाग आहे आणि ऑक्टोबर म्हणजे छाटणी. त्याचं काम ओढायला सेटरला दोनदा डबल पाळी लावली होती. लावली कुणी, तर मी. विचारलं होतं का, नाही.

म्हणजे भांडण बोअरचं नव्हतंच. हे मला कागदानं सांगितलं, माणसांनी नाही. माणसं "त्यो मुद्दाम करतोय" एवढंच सांगत होती.

तपासून बघा: कागद बघून झाल्यावर त्यात तुमचा स्वतःचा एखादा निर्णय सापडला का? आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त कुरबुरींत मला तो सापडलाय. सापडला तर पुढच्या टप्प्यात तो आधी कबूल करायचाय, म्हणून लिहून ठेवा.

टप्पा ४: एकेकाशी, वेगवेगळं

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. घाईत केलेला हा टप्पा म्हणजे न केलेलाच.

जागा केबिन नको. केबिनमध्ये बोलावलं की माणसाला मेमो मिळणार असं वाटतं. गेटबाहेरची टपरी पण नको, तिथं बाकीचे असतात. स्टोअरच्या मागची बाक, इन्स्पेक्शन रूम, कुठंही, पण शांत. दोघांनाही सारखाच वेळ द्या, एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला पाऊण तास असं झालं की ते मोजणारे असतात. आणि एकाच दिवशी दोघांशी बोला, मधे रात्र गेली की पहिल्याचं बोलणं दुसऱ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचलेलं असतं.

आधी कुणाशी? जो कमी बोलतो त्याच्याशी. मोठ्यानं बोलणाऱ्याची बाजू तुम्हाला न विचारता आधीच कळलेली असते आणि तीच डोक्यात घेऊन तुम्ही दुसऱ्यासमोर बसता, हा तोटा आहे.

काय विचारायचं ते ठरवून जा. "तुमचं काय भांडण आहे" असं विचारू नका, त्याचं उत्तर "काय नाही साहेब" असंच येतं. मी असं विचारतो: "शेवटचं नीट बोलणं कधी झालं तुमचं?" मग "त्यानंतर काय झालं?" आणि मग "त्याच्यामुळं तुला कामात नेमका काय त्रास होतो?" तिसऱ्या प्रश्नाला थांबा. गप्प बसा. दोन मिनिटं शांतता गेली तरी चालेल. वयानं मोठ्या माणसाला अहोजाहो करूनच विचारा, आधीच कुठंतरी मान दुखावून तो इथं आलेला असतो, तुम्ही "काय रे" म्हणालात तर तिथंच संपलं.

सेटरनं मला शेवटी जे सांगितलं ते रजेचं पण नव्हतं. म्हणाला, "साहेब, डबल पाळीचं काय न्हाय, पैसं मिळालं. पर त्यो आठ दिसांनी आला आणि माझ्यासमोरनं मशीनकडं गेला, एक शब्द न्हाय. निदान 'दादा, तुम्हाला तरास झाला' एवढं तरी म्हणायचं का न्हाय." आणि ऑपरेटर म्हणाला, "मी आलो तर त्यो तोंड फिरवून बसलेला, मी कशाला बोलू?" दीड महिना एवढ्यावर चालला होता.

इथल्या नेहमीच्या चुका:
"तो तर तुझ्याबद्दल असं म्हणत होता" असं सांगणं. कितीही चांगल्या हेतूनं असू दे, सांगू नका, तुम्ही तिसरे भांडणारे होता.
लगेच उपाय सुचवणं. अजून ऐकणं संपलेलं नाही.
"मला तुझं पटतंय" म्हणणं. हे वाक्य त्याच संध्याकाळी "साहेब माझ्या बाजूनं आहेत" होऊन शॉपवर फिरतं. "कळलं मला" एवढंच म्हणा.

अजून एक आपल्या भागातलं. एकाच गावची, कधी एकाच भावकीतली माणसं एका शॉपवर असतात आणि बांधाचा वाद किंवा ग्रामपंचायतीच्या इलेक्शनचा राग मशीनवर येतो. तसं निघालं तर गावचं भांडण सोडवायला जाऊ नका, ते तुमच्यानं सुटणार नाही. सरळ सांगा की गावातलं गावात, इथं मला फक्त हँडओव्हर आणि सेफ्टीचं बोलणं पाहिजे. एवढं बहुतेक जण मान्य करतात.

टप्पा ५: गाठ कुठली ते ठरवा

आता तुमच्याकडं कागद आहेत आणि दोन्ही बाजू आहेत. वाद तीन प्रकारचा असतो: पहिला काम कसं करायचं यावरून, म्हणजे फीड (टूल पुढं सरकायचा वेग) किती ठेवायचा, टूल कधी बदलायचं; दुसरा काम कुणी करायचं यावरून, म्हणजे पाळ्या, रजा, ओव्हरटाइम, साफसफाई कुणाची, आणि तिसरा माणसावरूनच, म्हणजे त्याचं तोंड बघवत नाही.

"थोडे मतभेद असलेले चांगले, त्यातून टीम घडते" असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. ते अर्धंच खरं आहे. डी ड्रू आणि वाइनगार्ट या संशोधकांनी २००३ साली आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा माणसांवरून होणाऱ्या भांडणासारखाच कामावरून होणाऱ्या वादाचाही टीमच्या कामगिरीशी संबंध उलटाच दिसला. नंतर २०१२ मध्ये ११६ अभ्यास धरून केलेल्या तपासणीत कामाच्या मतभेदाचं चित्र तेवढं वाईट आलं नाही, पण कुणी काय करायचं यावरचा आणि माणसांवरचा वाद तिथंही नुकसानीचाच निघाला. शॉपवर मला दिसतं तेही असंच आहे. फीडवरचा वाद दोन पीस मारून बघितले की संपतो. रजेवरचा वाद मात्र कुणी बोललं नाही तर सावकाश माणसावर येतो, आणि एकदा माणसावर आला की मग फीडवरचा साधा प्रश्नसुद्धा टोमणा वाटायला लागतो.

म्हणून मुळाशी जा. तक्रार तिसऱ्या प्रकारची दिसली तरी खाली दुसऱ्या प्रकारचं काहीतरी आहे का शोधा, कारण ते तुम्ही बदलू शकता. स्वभाव बदलू शकत नाही.

टप्पा ६: मग दोघं समोरासमोर

आता केबिन चालेल. वेळ पाळी सुरू व्हायच्या आधीची घ्या, संपतानाची नको, दमलेला माणूस लवकर भडकतो आणि बाहेर बस हॉर्न देत असते.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा तुम्ही तुमच्या वाट्याचं कबूल करा. मी म्हणालो होतो, "डबल पाळी मी न विचारता लावली, ते चुकलं." दोघांचेही खांदे खाली आलेले मला दिसले. मग प्रत्येकानं फक्त कामात काय अडतं ते सांगायचं, मधे बोलायचं नाही. मग ३८ पीसचा टॅग टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे परत होऊ नये म्हणून काय करायचं? कुणी केलं हे विचारलं नाही. पाच मिनिटांत ऑपरेटरच म्हणाला, पाळी बदलली की पहिला पीस मोजायचाच आणि माप रजिस्टरात लिहायचं, निरोप मिळो न मिळो. सेटर म्हणाला, ऑफसेट बदलला तर मी किती बदलला ते लिहितो. मला ते वर्षानुवर्षं सुचलं नव्हतं.

सावधान: माफी मागायला लावू नका. मागितली तर चांगलंच आहे, पण तुमच्या सांगण्यावरून मागितलेली माफी तोंडदेखली असते आणि समोरच्याला ती अजून टोचते. हात मिळवायचे असतील तर ते त्यांचे ते मिळवतील.

आवाज चढला तर? थांबवा आणि उद्या बसा. एकाच बैठकीत संपवायचा हट्ट नको.

टप्पा ७: लिहून घ्या

अर्धं पान, त्यांच्याच भाषेत. कोण काय करणार, कधीपासून. "सामंजस्याने वागणे" असलं काही नको, ते तपासता येत नाही. आमच्या कागदावर तीनच गोष्टी होत्या: पाळीचा पहिला पीस मोजून नोंद, ऑफसेटचा बदल आकड्यात, आणि छाटणी, यात्रा, गणपती यांच्या रजा दीड महिना आधी तक्त्यावर टाकायच्या म्हणजे बदली कोण करणार ते विचारून ठरेल. तिसरी गोष्ट माझी जबाबदारी होती आणि माझी सही सगळ्यात वर होती.

टप्पा ८: बाकीची टीम

भांडणारे दोन असतात, पण एव्हाना दोन कंपू झालेले असतात. कोण कुणाबरोबर डबा खातं ते बघा, कळेल. नवीन आलेला पोरगा तर पहिल्या आठवड्यातच शिकतो की इथं अमक्याला काही सांगायचं नाही. आणि सगळ्यात वाईट हाल त्या मधल्या हेल्परचे. चुकीचा निरोप दिला म्हणून दोन्हीकडून त्यालाच बोलणी बसली होती, तो नोकरी सोडायला निघाला होता. त्याला वेगळं बसवून सांगा की निरोप्याचं काम तुझं नव्हतंच, चूक तुझी नाही. हे सांगायचं मी आठवडाभर विसरलो होतो, तुम्ही विसरू नका.

बाकीच्यांना भांडणाची हकीकत सांगायची नाही, फक्त नवीन नियम सांगायचा, आणि तो सगळ्या मशीनना लावायचा. त्याच दोघांच्या मशीनला लावला तर ती शिक्षा होते.

टप्पा ९: तिसरा दिवस, दुसरा आठवडा, सहावा आठवडा

तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहा. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना लांब उभं राहून फक्त बघा. दुसऱ्या आठवड्यात रजिस्टर उघडा: परत "ओके" सुरू झालंय का? तसं असेल तर रागावू नका, टप्पा ४ परत करा, काहीतरी सांगायचं राहिलंय. सहाव्या आठवड्यात दोघांना वेगवेगळं एकच विचारा, "कागदावरचं काय जमत नाही?"

मैत्री झाली का हे बघू नका. आमचे ते दोघं पुढंही वेगळेच जेवायला बसायचे. पण रजिस्टरमध्ये सेटरच्या अक्षरात परत आकडे यायला लागले आणि खाली ऑपरेटरचा पहिल्या पीसचा बोअर.

नाहीच मिटलं तर

दोनदा सगळे टप्पे करूनही तेच असेल तर पाळी किंवा मशीन बदला, पण दोघांनाही विचारून, आणि दरवेळी हलणारा तोच एक माणूस नसेल हे बघून. नेहमी मऊ माणसालाच हलवलं जातं कारण तो कुरकुरत नाही, आणि मग दोन महिन्यांनी राजीनामा त्याचाच येतो. बदली करताना नवीन पाळीच्या सुपरवायझरला टप्पा ७ चा कागद द्या, भांडणाची गोष्ट देऊ नका. आणि बदली झाल्यावरही तो पाळी बदलतानाचा पहिला पीस मोजायचा नियम त्या मशीनवर चालू ठेवा, नवीन जोडीसाठी.